हळू चेंडूची करामत

सॉफ्टबॉल आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर बराच खेळला जातो, पण घरातल्या मोठ्या माणसांना त्याची फारशी माहिती नसते. मुलगी संध्याकाळी घरी येऊन सांगते, "आज मी पिचिंग केलं," तेव्हा आईवडिलांच्या डोळ्यांपुढे नेमकं काही उभं राहत नाही. मी चाकण परिसरातल्या एका शाळेत बरीच वर्षं क्रीडाशिक्षक होतो. सामना बघायला आलेले पालक मैदानाच्या कडेला उभे राहून एक प्रश्न हमखास विचारायचे, "सर, चेंडू तर इतका हळू आला. मग त्या मुलीला तो मारता कसा आला नाही?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात या खेळाचं अर्धं शास्त्र आहे. आज त्याविषयीच बोलू या.

आधी खेळाची थोडी ओळख. १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात, थंडीच्या दिवसांत, एका क्लबाच्या बंद सभागृहात हा खेळ सुरू झाला. बॉक्सिंगचा हातमोजा दोरीनं करकचून बांधून त्याचा चेंडू केला होता आणि झाडूच्या दांड्याची बॅट. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या आपल्या लोकांना यात काही नवल वाटायला नको. सॉफ्टबॉल हे नाव त्याला मिळालं ते १९२६ साली. नावात 'सॉफ्ट' असलं तरी आजचा चेंडू मऊ अजिबात नाही. त्याचा घेर १२ इंच, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं जास्त, आणि वजन १८० ते २०० ग्रॅमच्या आसपास.

चेंडू टाकणारी ती पिचर, आणि तिच्यासमोर बॅट घेऊन उभी असते ती बॅटर. बॅटरच्या पुढ्यात जमिनीवर एक पांढरी पाटी असते, ती होम प्लेट. चेंडू टप्पा न पडता, या प्लेटवरून, बॅटरच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या उंचीत गेला पाहिजे. तसा गेला आणि बॅटरला मारता आला नाही, की एक स्ट्राइक. असे तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. पिचरनं चार चेंडू या चौकटीबाहेर टाकले आणि बॅटरनं ते सोडून दिले, तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. चेंडू हात खांद्यावर नेऊन टाकायचा नाही, खालूनच टाकायचा. पिचर आपला हात रहाटासारखा पूर्ण गोल फिरवते आणि मांडीजवळून चेंडू सोडते. पवनचक्कीच्या पात्यासारखा हात फिरतो म्हणून या पद्धतीला विंडमिल म्हणतात.

खालून टाकलेला चेंडू, म्हणजे सोपाच असणार, असं वाटतं. गल्लीतल्या अंडरआर्म क्रिकेटची आठवण होते. पण इथे अंतर बघा. महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी होम प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर असते. पिचर लांब पाऊल टाकत पुढे येऊन चेंडू सोडते, त्यामुळे चेंडूचा खरा प्रवास उरतो तो साडेअकरा मीटरच्या आसपास. जगातल्या चांगल्या पिचर ताशी ११० किलोमीटर वेगानं चेंडू टाकतात. अमेरिकेच्या मोनिका अ‍ॅबटनं २०१२ साली तर ताशी ७७ मैल, म्हणजे जवळजवळ १२४ किलोमीटरचा विक्रम केला. ताशी ११० किलोमीटरचा चेंडू साडेअकरा मीटर अंतर सेकंदाच्या शंभरातल्या ३८ भागांत कापतो. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूला फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. म्हणजे खालून टाकलेल्या या चेंडूला तोंड देताना वेळ आणखी कमी मिळतो.

आता आपल्या शाळेच्या मैदानावर येऊ. समजा, आपली पिचर ताशी ७० किलोमीटरनं चेंडू टाकते. हवेचा अडथळा हिशेबात न धरता हा चेंडू सुमारे ०.५९ सेकंदात प्लेटवर येतो. बॅट मागून फिरवून प्लेटवर आणायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. म्हणजे चेंडू बघायचा, कुठे येतोय ते ठरवायचं आणि मारायचा की सोडायचा याचा निर्णय घ्यायचा, हे सगळं उरलेल्या ०.३९ सेकंदात. बॅट एकदा फिरायला लागली की तिला थांबवणं फार अवघड असतं. चेंडू अजून चार मीटर लांब असतानाच बॅटरला आपला बेत पक्का करावा लागतो.

याच जागी पिचर आपला डाव साधते. पुढचा चेंडू ती ताशी ७० ऐवजी ५५ किलोमीटरनं टाकते. याला प्लेटवर यायला ०.७५ सेकंद लागतात. फरक फक्त ०.१६ सेकंदाचा. डोळ्याची पापणी लवायला साधारण एवढाच वेळ लागतो. पण बॅटरनं मागच्याच अंदाजानं बॅट फिरवली, तर बॅट प्लेटवर येते तेव्हा चेंडू अजून अडीच मीटर, म्हणजे आठ फूट अलीकडेच असतो. बॅट हवेत फिरून जाते आणि चेंडू मागून सावकाश येऊन कॅचरच्या हातमोज्यात पडतो. बघणारे हसतात. त्यांना वाटतं, इतका सोपा चेंडू हिला दिसला नाही! चेंडू तिला दिसला होता, पण तो येण्याची वेळ चुकली होती. या हळू चेंडूला खेळात चेंज-अप म्हणतात.

मग पालकांचा दुसरा प्रश्न येतो, "हळू आहे हे तिला समोरून दिसत कसं नाही?" त्यासाठी मी त्यांना चाकणच्या तळेगाव चौकाची आठवण द्यायचो. पुणे-नाशिक रस्ता ओलांडायला आपण उभे असतो. समोरून कंटेनर येत असतो. तो बाजूनं जात असता तर त्याचा वेग आपण चटकन सांगितला असता. पण सरळ आपल्याच दिशेनं येणारी गाडी किती वेगात आहे, हे कळणं फार कठीण. ती आडवी सरकताना दिसत नाही, फक्त हळूहळू मोठी होत जाते. त्या मोठं होण्यावरूनच डोळा वेगाचा अंदाज बांधतो. गाडी लांब असेपर्यंत हे मोठं होणं अगदी थोडं असतं, आणि जवळ आल्यावर एकदम वाढतं. म्हणून तर रस्ता ओलांडताना अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो.

चेंडूचंही तसंच. पिचरच्या हातातून सुटताना साडेअकरा मीटरवरचा चेंडू बॅटरच्या डोळ्याला साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसतो. सेकंदाच्या दहाव्या भागानंतर वेगवान चेंडू आणि हळू चेंडू यांच्या दिसणाऱ्या आकारात फरक किती पडतो, याचा हिशेब मी मुलींना फळ्यावर करून दाखवायचो. तो जेमतेम चार टक्के येतो. चंद्र चार टक्क्यांनी मोठा झाला तर आपल्यापैकी कुणाला कळेल? फरक जाणवण्याइतका मोठा होईपर्यंत बॅट फिरवायची वेळ आलेली असते.

म्हणून बॅटर फक्त चेंडूवर विसंबत नाही. ती दोन गोष्टींचा आधार घेते. एक, पिचरचा हात किती जोरात फिरतोय. आणि दोन, आधीचे चेंडू कसे आले होते. हात जोरात फिरला म्हणजे चेंडू जोरात येणार, हे आपलं मन आपोआपच धरून चालतं. चांगली पिचर नेमका याच विश्वासाचा फायदा घेते. तिचा हात दोन्ही वेळा सारख्याच जोरात फिरतो. पाऊल तेवढंच लांब पडतं, चेहराही तसाच असतो. वेग कमी होतो तो अगदी शेवटी, पंजा आणि बोटं यांच्यात.

आमच्याकडची बरीच मुलं गाड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरातली. त्यांना हे समजवायला एक शब्द पुरतो, तो म्हणजे हाफ क्लच. इंजिनाचा आवाज पूर्ण येतो, पण सगळा जोर चाकापर्यंत पोचत नाही. जो फक्त आवाज ऐकतो त्याला वाटतं, गाडी सुसाट निघाली. पिचरचा दंड म्हणजे इंजिन, आणि मनगट-बोटं म्हणजे क्लच. वेगवान चेंडूत पायापासून सुरू झालेला जोर कमरेतून, खांद्यातून, कोपरातून मनगटात येतो आणि शेवटी बोटांची टोकं चेंडूला झटका देतात. आसुडाचं टोक जसं मुठीपेक्षा कितीतरी वेगानं जातं, तसंच हे. चेंज-अपमध्ये हे टोकच काढून घ्यायचं असतं.

ते काढायच्या तीन-चार रीती आहेत. पहिली आणि सगळ्यात सोपी म्हणजे चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहातात खोल बसवायचा. बोटांची टोकं चेंडूपासून किंचित उचललेली राहिली तरी चालतात. मग शेवटचा झटका बसतच नाही. दुसरी रीत म्हणजे बोटं दुमडून त्यांची पेरं चेंडूवर टेकवायची. तिसरी जरा अवघड. चेंडू सोडताना हाताची मागची बाजू बॅटरकडे येते आणि चेंडू उलट्या हातानं अलगद पुढे सरकवल्यासारखा सुटतो. इथं मनगटाचा झटका पुढच्या दिशेला लागत नाही, त्यामुळे हात कितीही जोरात आला तरी चेंडूचा वेग उतरतो. लहान पंजाच्या मुलींना बहुधा पहिली रीत लवकर जमते, कारण १२ इंची चेंडू त्यांच्या हातात तसाही सगळा पंजा लावूनच मावतो.

हळू चेंडूची आणखी एक गंमत आहे. तो नुसता उशिरा येत नाही, तो जास्त खालीही येतो. चेंडू जितका जास्त वेळ हवेत, तितका पृथ्वी त्याला जास्त ओढणार. आपल्या वरच्या उदाहरणातले दोन चेंडू एकाच दिशेनं सोडले, तर हळू चेंडू प्लेटपर्यंत पोचताना सुमारे एक मीटर जास्त खाली आलेला असतो. म्हणून पिचरला तो थोडा वर सोडावा लागतो. तो नेमका किती वर सोडायचा, यात तिची कसोटी असते. फार वर सोडला की चेंडू आधी कमान करून उठतो आणि हुशार बॅटर ती कमान बघूनच थांबते. वेग जितका जास्त कमी करावा तितकी ही कमान मोठी. त्यामुळे चेंडू अगदी मुंगीच्या पावलानं टाकण्यात शहाणपण नाही. वेगवान चेंडूपेक्षा ताशी १५ ते २५ किलोमीटरनं कमी, एवढा फरक पुरतो.

नवी पिचर चेंज-अप शिकली की तिला तो सारखा टाकावासा वाटतो. पण या चेंडूची सगळी किंमत आधीच्या वेगवान चेंडूवर उभी असते. दोन-तीन जोरदार चेंडू बॅटरच्या अंगाजवळून गेले की तिचं शरीर आपोआप घाई करायला लागतं. अंगाजवळचा चेंडू मारायला बॅट लवकर पुढे आणावी लागते, लांबचा चेंडू थोडा उशिरा मारला तरी चालतो. म्हणून जवळून जोरात आणि मग लांबून हळू, ही जोडी फार उपयोगी. उलट, समोरच्या मुलीला आपला वेगवान चेंडूच पेलत नसेल, बॅट दर वेळी उशिरा येत असेल, तर तिला हळू चेंडू टाकणं म्हणजे तिच्यावर उपकार करणं. आणखी एक पथ्य आहे. पिचरच्या हातातून चेंडू सुटला की बेसवरची धावपटू पळायला मोकळी असते. हळू चेंडूनं तिला जो ०.१६ सेकंद जास्त मिळतो, त्यात ती जवळजवळ एक मीटर पुढे सरकते. बेस चोरणारी चपळ मुलगी बेसवर असेल तर पिचरनं दोनदा विचार करावा.

हे फक्त सॉफ्टबॉलमध्येच चालतं असं नाही. २०११ चा क्रिकेट विश्वचषक आठवा. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं त्या स्पर्धेत २१ बळी घेतले. त्यात त्याचा एक खास हळू चेंडू होता, नकल बॉल. बेसबॉलमधून आलेल्या या प्रकारात बोटं दुमडून चेंडू धरायचा आणि हात मात्र नेहमीच्याच वेगानं आणायचा. बंगळूरुला इंग्लंडचा कॉलिंगवूड, चेन्नईला ८१ धावांवर जमलेला वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ आणि अहमदाबादला उपान्त्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाचा माइक हसी, तिघांचेही त्यानं त्रिफळे उडवले. तिघेही कसलेले फलंदाज. चेंडू त्यांना दिसत होता, पण येण्याची वेळ त्यांच्या हिशेबात बसली नाही.

एका आजोबांनी मला एकदा विचारलं होतं, "गुरुजी, पोरींना फसवायला शिकवता होय?" प्रश्न मला आवडला. त्याचं उत्तर नियमांतच आहे. पिचरला आधी दोन्ही हात एकत्र आणून स्थिर थांबावं लागतं. बॅटर तयार नसताना घाईनं चेंडू टाकता येत नाही. हात एकदा पुढे निघाला की मध्येच थांबवता येत नाही, उलटा नेता येत नाही, हवा तेवढ्या वेळा गरगरा फिरवताही येत नाही. असं केलं तर अंपायर तो चेंडू बेकायदा ठरवतो. म्हणजे हात थांबवून फसवणं बंद. फसवायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, न थांबणाऱ्या हातानं. आणि समोरच्या मुलीलाही ठाऊक असतं की हळू चेंडू येऊ शकतो. दोघींनाही नियम सारखेच. याला लबाडी कशी म्हणायची?

आता थोडं पालकांशी. हल्ली मोबाइलवर चेंडूचा वेग मोजता येतो. वडील मैदानाच्या कडेला मोबाइल धरून उभे राहतात आणि मुलीला सांगतात, "अजून दोन वाढव, अजून तीन वाढव." मुलीही मग आकड्याच्या मागे लागतात. खालून चेंडू टाकण्यानं खांद्याला काही होत नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. विंडमिल पद्धतीत खांद्यावर येणारा ताण शास्त्रज्ञांनी मोजून पाहिला आहे आणि तो वरून चेंडू फेकण्याच्या ताणाच्या तोडीचा निघाला आहे. वाढत्या वयातल्या मुलीनं रोज शेकडो चेंडू पूर्ण जोरानं टाकले, तर खांद्याचा पुढचा भाग दुखायला लागतो. मुली ते सांगत नाहीत, कारण संघातून नाव जाईल अशी भीती असते. शाळेच्या संघात पिचर बहुधा एकच असते, आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या पायऱ्यांच्या स्पर्धेत सगळा भार तिच्या एकाच खांद्यावर पडतो.

जपानच्या युकिको उएनोचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिनं दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला ३-१ असं हरवून जपानला सुवर्णपदक मिळवून दिलं. २०२१ मध्ये टोकियोत, वयाच्या ३९ व्या वर्षी, ती पुन्हा अमेरिकेविरुद्ध अंतिम सामन्यात पिचिंग करत होती आणि सुवर्णपदक पुन्हा जपानला मिळालं. पण ४१३ हा आकडा ऐकून आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला तसं करायला लावू नये. ती कित्येक वर्षांच्या तयारीची, पूर्ण वाढलेल्या शरीराची खेळाडू होती. तिच्याकडून घ्यायचंच तर दुसरं काही घ्यावं. जगातल्या सर्वांत वेगवान पिचरमध्ये गणली जाणारी ही बाई फक्त वेगावर विसंबून राहिली नाही. हळू चेंडू हेही तिचं मोठं हत्यार होतं.

आमच्या भागातल्या मुली अंगापिंडानं फार दणकट नसतात. आई कारखान्यात शिफ्टला, वडील टेम्पोवर किंवा शेतात. सकाळचा डबा भरून मुलगी मैदानावर येते. अशा मुलीला पाहून कुणी म्हणतं, "हिच्या हातात जोर नाही, हिला लांब उभी करा." मी तसं करत नसे. ताशी ६० किलोमीटरनं टाकणारी मुलगी जर हात न बदलता ताशी ४५ चाही चेंडू टाकू शकली आणि दोन्ही चौकटीत पाडू शकली, तर फक्त ६८ नं टाकणाऱ्या मुलीपेक्षा तिला मारणं अवघड जातं. एकाच वेगाची सवय बॅटरला दुसऱ्या डावापर्यंत होते. दोन वेगांची सवय व्हायला सामना अपुरा पडतो.

हे शिकवायला महागडं सामान लागत नाही. आधी वेगवान चेंडू आणि त्याची दिशा नीट बसू द्यावी. मग भिंतीपासून थोड्या अंतरावर उभं करून, जोर न लावता, फक्त चेंडू धरण्याची नवी रीत अंगवळणी पाडावी. चेंडू कसा धरलाय हे हातमोज्याच्या आड बदलायचं, कारण ते बदलताना बॅटरनं पाहिलं की सगळं संपलं. मग एका मैत्रिणीला होम प्लेटच्या मागे उभं करून सांगावं, चेंडू बघू नकोस, फक्त हिचा हात बघ आणि तो सुटायच्या आत 'जोरात' की 'हळू' ते ओरडून सांग. मैत्रिणीचं उत्तर दहापैकी पाच वेळा चुकायला लागलं की समजावं, चेंज-अप तयार झाला. चेंडू मोजून टाकायचे, खांदा दुखला तर त्याच क्षणी थांबायचं, आणि मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवायचे.

बॅटरकडेही याचं उत्तर असतंच. ती अंगाचं वजन मागच्या पायावर जरा जास्त वेळ ठेवायला शिकते, पिचरच्या पंजाची मागची बाजू दिसते का ते बघते, आणि हळू चेंडू आला तर घाई न करता तो समोरच्या मोकळ्या जागेत ढकलते. पिचर मग आणखी काही नवं शोधते. खेळ असाच पुढे जातो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी मुलीचा सामना बघायला गेलात तर चेंडूच्या मागे डोळे पळवू नका. बॅटरच्या पुढच्या पायाकडे बघा. चेंडू यायच्या आधीच तो पाय जमिनीवर टेकला, वजन पुढे गेलं आणि हात मागे नुसते लोंबत राहिले, की ओळखा, पिचरनं हळू चेंडू टाकला आहे. तेव्हा टाळी द्यायची ती पिचरच्या हाताला.